घेरी आली? आधी खाली बसा

पाथर्डी तालुक्यातल्या एखाद्या वाडीतली आजी डोळ्यांपुढे आणा. आजीला रक्तदाबाचा आजार आहे. रोजची गोळी चालू आहे. पहाटे कोंबडा आरवला की आजी अंथरुणातून तडक उभ्या राहतात. दोन पावले टाकली की डोळ्यांपुढे अंधारी! हात भिंतीला लागला तर बरे. नाही तर उंबऱ्यावरच पडायच्या.

मग घरात बोलणी सुरू होतात. शेजारीण म्हणते, "बाहेरची बाधा असंल. अंगारा लावा." मुलगा म्हणतो, "आई, ती गोळीच बंद कर. गोळीनंच घेरी येते." आजी म्हणतात, "जाऊ द्या रे, वय झालं माझं."

तिघांचेही चुकते. कसे ते पाहू.

घेरी का येते?

भंडारदरा धरणाचे पाणी कालव्याने शेतात येते. पाटाला पाणी भरपूर असते. पण वावर उंचावर असले आणि पाण्याला जोर नसला, तर पाणी तिथे चढत नाही. आपले डोके म्हणजे असेच उंचावरचे वावर आहे.

आपण झोपेतून उठून उभे राहिलो, की पुष्कळ रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. निरोगी माणसाचे शरीर लगेच सावरते. काळीज भराभर चालते, रक्ताच्या नळ्या आवळतात, आणि रक्त डोक्याला पोचते. म्हातारपणी, बऱ्याच दिवसांच्या आजारात, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हे सावरणे उशिरा होते. तेवढा वेळ डोक्याला रक्त कमी पडते. म्हणून अंधारी येते. यात बाधा नाही, करणी नाही.

घेरी एकच नसते

आपण सगळ्यालाच चक्कर म्हणतो. पण नीट पाहिले तर तिच्या तऱ्हा वेगळ्या आहेत.

उठताना अंधारी येते, खाली बसले की जाते. हा रक्तदाब उतरल्याचा प्रकार. उन्हात फार राबले, पाणी कमी प्यायले, जुलाब झाले, तरी असे होते. आपला जिल्हा उन्हाचा आणि टंचाईचा. चैत्र-वैशाखात हे फार घडते.

दुसरी तऱ्हा अशी. हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, पोटात खड्डा पडतो, जीव घाबरा होतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला असे झाले, तर रक्तातली साखर उतरली असे समजावे. गोळी घेतली आणि जेवण चुकले, की असे होते. नवरात्रात मोहट्याला उपाशी चालत जाणाऱ्यांनी आणि एकादशी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. देव काही रागावत नाही.

तिसरी तऱ्हा. घर गरगर फिरते, मान वळवली की जास्तच फिरते, ओकारी येते. हे पुष्कळदा कानाचे दुखणे असते. आपल्या तोलाचा काटा कानाच्या आत असतो.

चौथी तऱ्हा सावकाश येते. दिवसभर डोके हलके वाटते, चढ चढताना धाप लागते, डोळ्यांच्या आतला भाग आणि नखे पांढुरकी दिसतात. हे अंगात रक्त कमी असल्याचे लक्षण. बायाबापड्यांत हे फार आढळते.

घेरी आली तर काय करावे?

आधी खाली बसावे. जिथे असाल तिथे बसावे. विहिरीच्या काठावर, जिन्यावर, चुलीपाशी उभे राहू नये. जमले तर आडवे व्हावे आणि पाय उंच ठेवावेत. लाज धरू नये. पडून खुबा मोडला तर महिनोन्महिने अंथरूण धरावे लागते.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर लगेच ३ चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी. मग भाकरी खावी. पण माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नये. घशात अडकेल. त्याला कुशीवर वळवून निजवावे. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये.

मिठाचे पाणी मात्र सरसकट देऊ नये. रक्तदाब, काळीज किंवा मूत्रपिंड यांचा आजार असेल तर मीठ बाधते.

उठण्याची रीत

उठताना घाई करू नये. आधी कुशीवर वळावे. मग पाय खाली सोडून बसावे. पावले वरखाली हलवावीत, मुठी आवळाव्यात. शंभरापर्यंत आकडे मोजावेत. मग भिंतीला किंवा काठीला धरून उभे राहावे. उभे राहिल्यावरही जरा थांबावे. रात्री लघवीला जाताना उजेड करावा. फार कढत पाण्याने अंघोळ करू नये. दारू पिऊ नये.

गोळी बंद करू नये

गोळीने घेरी येत असेलही. पण मनाने गोळी सोडली तर रक्तदाब एकदम चढून लकवा मारण्याची भीती असते. डॉक्टरांना सांगावे. ते गोळी बदलतील, मात्रा कमी करतील, किंवा वेळ बदलून देतील. "बसवून आणि उभे करून, दोन्ही वेळा रक्तदाब मोजा," असे आपण होऊन म्हणावे. ऊसतोडीला निघताना गोळ्या आणि दवाखान्याचा कागद गाठोड्यात आधी बांधावा.

जामखेडच्या बायांनी काय केले?

"हे आम्हा अडाण्यांना कसं समजायचं?" असे कोणी म्हणेल. त्यांनी जामखेडकडे पाहावे. सन १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावोगावच्या बाया त्यांनी शिकवून तयार केल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या. त्या बाळंतपण करू लागल्या, आजार ओळखू लागल्या, गावाला समजावून सांगू लागल्या. सन १९७९ मध्ये आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना अक्षर येत नव्हते त्या एवढे शिकल्या. आपल्याला तर आता अक्षर येते!

त्या अक्षराचा उपयोग करू या. घरात एक लहान वही ठेवा. घेरी आली की लिहा: कोणत्या दिवशी, किती वाजता, काय करताना, काय खाल्ले होते, कोणती गोळी घेतली होती. अंधारी आली, की घर फिरले, की घाम सुटला, तेही लिहा. चार ओळी पुरेत. ही वही आशाताईंना आणि डॉक्टरांना दाखवा. "कसंतरी होतं" एवढे सांगून डॉक्टरांना कळत नाही. वहीवरून पुष्कळ कळते.

थांबू नये असे प्रसंग

तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, छातीत दुखले, शुद्ध हरपली, किंवा शौचाला डांबरासारखे काळे झाले, तर घरी बसू नये. १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवावी.

आमच्या आजीचे म्हणाल तर त्यांनी एवढेच करावे. कोंबडा आरवू द्यावा. आपण शंभर मोजावेत. मग उठावे.