बेसबॉलचे नऊ गडी

ज्या घरातील मुलांच्या तोंडी अष्टौप्रहर क्रिकेट असते, त्या घरास अमेरिकेचा बेसबॉल समजावयास फारसे कष्ट पडू नयेत. येथेही एकाने चेंडू टाकावयाचा, दुसऱ्याने तो टोलावयाचा आणि इतरांनी अडवावयाचा. मात्र संघात गडी नऊच.

मैदानाच्या पोटात ९० फूट बाजूचा एक चौरस असतो. त्याच्या एका कोपऱ्यावर फलंदाज उभा राहतो. उरलेले तीन कोपरे म्हणजे पहिला, दुसरा व तिसरा बेस. फलंदाजापुढे ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकणारा तो पिचर. फलंदाजामागे बसणारा कॅचर हा आपल्या यष्टिरक्षकाचा भाऊबंद. सारे मैदान समोर दिसते ते ह्या एकट्यास. म्हणून कोणता चेंडू टाकावा ह्याची खूण बहुधा तोच करतो. तिन्ही बेसांवर एकेक रक्षक असतो. दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधील मोकळी जागा शॉर्टस्टॉप सांभाळतो; पुष्कळ तडाखे तिकडेच येत असल्याने तो फार चपळ लागतो. दूर मागे डावीकडे, मध्ये व उजवीकडे तिघांची राखण असते.

पहिल्या बेसवरील गड्याचे काम वरवर सोपे दिसते. एक पाय बेसवर ठेवून त्याने सोबत्यांनी फेकलेला चेंडू झेलावयाचा. तो धावणाऱ्याच्या आधी पोचला की धावणारा बाद. परंतु तो धावणारा खिळ्यांचे बूट घालून त्याच पायाकडे झेपावत असतो.

१५ एप्रिल १९४७ रोजी, तेव्हा ब्रुकलिनमध्ये असलेल्या डॉजर्स संघाने ह्या जागी जॅकी रॉबिन्सन ह्यास उभे केले. कृष्णवर्णीयांस सुमारे साठ वर्षे बंद असलेले वरिष्ठ सामन्यांचे दार त्या दिवशी उघडले. रॉबिन्सन पूर्वी शॉर्टस्टॉप व दुसऱ्या बेसवर खेळलेला. ही जागा त्यास नवी होती. प्रतिपक्षाच्या शिव्या त्याने मुकाट्याने सोसल्या. त्याच्यासह खेळण्यास खुद्द संघातील काहींनीही विरोध केला होता. पण धावणाऱ्यास बाद करावयाचे तर अडविलेला चेंडू त्याच्याच हाती देणे भाग होते! त्या वर्षी डॉजर्सनी नॅशनल लीग जिंकली, आणि नवोदितांतील श्रेष्ठ खेळाडूचा मान रॉबिन्सनला मिळाला. अनेक उपदेशांनी जे साधले नसते, ते खेळातील एका जागेच्या गरजेने साधावयास आरंभ झाला.