जनरल मोटर्स : कारभाराचा लौकिक आणि त्याच्या मर्यादा

१

उद्योगसंस्थेचा लौकिक दोन प्रकारचा असतो. एक तिच्या मालाचा व दुसरा तिच्या कारभाराचा. पहिला लौकिक गिऱ्हाइकांत पसरतो. दुसरा अभ्यासकांत, सरकारदरबारी आणि इतर उद्योगपतींत. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीस दोन्ही प्रकारचा लौकिक लाभला. तथापि वाणिज्य व अर्थशास्त्र यांच्या अभ्यासकांस तिचे महत्त्व वाटले ते मुख्यतः दुसऱ्या कारणासाठी. पीटर ड्रकर यांनी १९४६ साली मोठ्या उद्योगसंस्थेचे स्वरूप उलगडून दाखविले ते ह्याच कंपनीच्या अंतरंगाचा अभ्यास करून. आल्फ्रेड चँडलर यांनी १९६२ साली उद्योगांची धोरणे व त्यांची संघटना यांचा जो इतिहास लिहिला, त्यातील चार प्रमुख उदाहरणांपैकी एक ह्याच कंपनीचे होते.

अशा कंपनीने १ जून २००९ रोजी न्यायालयात नादारीचा अर्ज केला. त्या वेळी तिची मालमत्ता सुमारे ८२ अब्ज डॉलर व देणी सुमारे १७३ अब्ज डॉलर होती. जी संस्था व्यवस्थापनाचा आदर्श म्हणून शिकविली गेली तिची ही अवस्था का व्हावी, हा प्रश्न साहजिक आहे. परकीय स्पर्धा, निवृत्तिवेतनाचा बोजा, इंधनाची दरवाढ ही कारणे खरीच आहेत. परंतु ती बाहेरची कारणे होत. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो आतील कारणाचा : माहिती वर पोहोचविण्याची जी पद्धती ह्या कंपनीच्या यशाचे मूळ होती, तीच पुढे सत्य वर पोहोचू न देणारी कशी झाली?

२

कंपनीचा संस्थापक विल्यम ड्युरंट हा मूळचा मिशिगन राज्यातील फ्लिंट गावचा घोडागाड्यांचा कारखानदार. १९०४ साली त्याने ब्यूइक ही डबघाईस आलेली मोटार कंपनी हाती घेतली आणि १६ सप्टेंबर १९०८ रोजी जनरल मोटर्सची स्थापना केली. पुढील दोन वर्षांत ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक, ओकलंड अशा अनेक कंपन्या त्याने एकत्र केल्या. ड्युरंटला धाडस होते, दूरदृष्टी होती. नव्हता तो हिशेब. १९१० साली सावकारी पेढ्यांनी कर्जाच्या मोबदल्यात कारभार आपल्याकडे घेतला. ड्युरंटने १९११ मध्ये लुई शेवरोले या शर्यतपटूच्या नावाने नवी कंपनी काढली, तिच्या बळावर जनरल मोटर्सचे भाग जमविले आणि १९१६ मध्ये तो पुन्हा सत्तेवर आला. १९२० च्या मंदीत भागांच्या सट्ट्यात फसून तो दुसऱ्यांदा बाहेर पडला, तो कायमचा. १९३६ साली त्याने वैयक्तिक नादारी पत्करली.

ड्युरंट गेला तेव्हा कंपनी म्हणजे स्वतंत्र संस्थानांचे कडबोळे होते. प्रत्येक विभाग आपापला पैसा सांभाळी, आपापला कच्चा माल साठवी, आणि दुसऱ्या विभागाच्याच गिऱ्हाइकांवर डोळा ठेवी. ड्युपाँ घराण्याचे पिएर ड्युपाँ यांनी अध्यक्षपद स्वीकारले व १९२३ साली ते आल्फ्रेड स्लोन यांच्याकडे दिले. स्लोन हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे विद्युत्-अभियांत्रिकीचे पदवीधर. ड्युरंटच्याच काळात त्यांनी संघटनेसंबंधी एक टिपण तयार केले होते. उत्पादन व विक्री ह्यांबाबत प्रत्येक विभाग स्वायत्त असावा. भांडवलाचे वाटप, धोरण आणि नियंत्रण मात्र मध्यवर्ती कचेरीकडे असावे, असे त्याचे सूत्र होते.

हे सूत्र शब्दांत सोपे, आचरणात कठीण. स्वायत्तता दिली की नियंत्रण सुटते आणि नियंत्रण ठेवले की स्वायत्तता नावापुरती उरते. ही अडचण सोडविली ती आकड्यांनी. वित्तविभागाचे डोनाल्डसन ब्राउन यांनी भांडवलावरील परतावा हा निकष बसवून दिला. विक्रीवरील नफ्याचे प्रमाण आणि भांडवलाची उलाढाल यांचा गुणाकार म्हणजे परतावा. ह्या एका मापाने कॅडिलॅकची महागडी मोटार व ठोळ्यांचा, म्हणजे बेअरिंगांचा, कारखाना यांची तुलना एकाच कागदावर होऊ लागली. विभागप्रमुखाच्या कामात हात न घालताही त्याच्या कामाचा निवाडा करणे मध्यवर्ती कचेरीस शक्य झाले.

३

ह्या पद्धतीचा बाजारातील आविष्कार सर्वश्रुत आहे. हेन्री फोर्ड यांनी १९०८ ते १९२७ ह्या काळात एकाच नमुन्याच्या दीड कोटी गाड्या काढल्या आणि किंमत सतत उतरविली. त्या किमतीशी सामना करणे स्लोन यांनी टाळले. १९२१ साली ४५० डॉलरपासून ३,५०० डॉलरपर्यंत किमतींच्या सहा पायऱ्या आखण्यात आल्या. तळाशी शेवरोले व शिखरावर कॅडिलॅक. गिऱ्हाइकाची प्राप्ती वाढेल तसतसा तो पायरी चढत जावा, परंतु जिना मात्र सोडू नये, अशी ही योजना. तिला हप्तेबंदीची जोड मिळाली. कर्जपुरवठ्यासाठी कंपनीने १९१९ मध्येच स्वतंत्र संस्था काढली होती. १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली रंग व घाट ह्यांसाठी स्वतंत्र खाते निघाले, आणि दरवर्षी गाडीचे रूप पालटण्याची प्रथा रूढ झाली. त्याच वर्षी फोर्ड यांना जुना नमुना बंद करून कारखाने थांबवावे लागले आणि शेवरोलेने खपात त्यांस मागे टाकले.

तथापि अभ्यासकांनी ज्या प्रसंगाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे तो १९२४ सालचा होय. त्या वसंतात विभागांकडून येणारी विक्रीची अनुमाने उत्साहवर्धक होती. स्लोन स्वतः दौऱ्यावर निघाले आणि सेंट लुईस, कॅन्सस सिटी, लॉस एंजेलिस येथील विक्रेत्यांच्या आवारांत त्यांनी न खपलेल्या गाड्यांच्या रांगा पाहिल्या. कागद काही सांगत होता. आवार निराळेच सांगत होते. त्यांनी तत्काळ उत्पादन कमी करावयास लावले. पुढे प्रत्येक विक्रेत्याने दर दहा दिवसांनी विक्रीचा व शिलकेचा तपशील कळवावा अशी व्यवस्था झाली, आणि सरकारी नोंदणीच्या आकड्यांशी तो ताडून पाहिला जाऊ लागला.

हा प्रसंग सामान्यतः आकडेवारीच्या विजयाचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्यात दोन गोष्टी आहेत. दहा दिवसांचा तक्ता ही दुसरी. अध्यक्षाने स्वतःच्या डोळ्यांनी आवार पाहिले ही पहिली. तक्ता कंपनीच्या परंपरेत टिकला. आवार पाहण्याची सवय टिकली की नाही, हा प्रश्न पुढील इतिहासाचा आहे.

४

१९५५ साली ह्या कंपनीने एका वर्षात एक अब्ज डॉलरहून अधिक निव्वळ नफा मिळविला. असा नफा मिळविणारी ती पहिली अमेरिकन कंपनी. अमेरिकेत खपणाऱ्या मोटारींपैकी सुमारे निम्म्या तिच्या असत. कामगारांशी असलेले संबंधही स्थिरावले होते. ३० डिसेंबर १९३६ पासून ११ फेब्रुवारी १९३७ पर्यंत फ्लिंटच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून बैठा संप केला व आपल्या संघटनेस मान्यता मिळविली. १९४८ च्या करारात महागाईशी निगडित वेतनवाढ आली आणि १९५० च्या पाच वर्षांच्या करारात निवृत्तिवेतन आले. कंपनीने औद्योगिक शांतता विकत घेतली. तिची किंमत पुढील पिढ्यांनी द्यावयाची होती.

बड्या उद्योगांच्या उद्दामपणाचा दाखला म्हणून कंपनीचे माजी अध्यक्ष चार्ल्स विल्सन यांच्या १९५३ मधील साक्षीचा उल्लेख होतो. कंपनीचे हित तेच राष्ट्राचे हित, असे ते म्हणाले अशी समजूत आहे. प्रत्यक्षात संरक्षणमंत्रिपदावरील नेमणुकीच्या चौकशीत त्यांनी आधी उलट बाजू मांडली होती : जे देशाच्या हिताचे ते कंपनीच्या हिताचे, आणि म्हणून त्याउलटही. लोकांनी वाक्याचा उत्तरार्ध तेवढा लक्षात ठेवला. लौकिक कसा घडतो ह्याचे हे बोलके उदाहरण आहे.

लौकिकास पहिला मोठा तडा गेला तो शेवरोलेच्या कॉर्व्हेर ह्या गाडीमुळे. राल्फ नेडर ह्या तरुण वकिलाने १९६५ साली आपल्या ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात तिच्या मागील चाकांच्या रचनेवर कडक टीका केली. कंपनीने टीकेस उत्तर देण्याऐवजी टीकाकाराच्या खाजगी आयुष्याचा माग काढण्यासाठी गुप्तहेर नेमले. हे उघडकीस येताच मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर क्षमा मागावी लागली, आणि त्याच वर्षी वाहनांच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला. १९७२ साली सरकारी चाचण्यांचा निष्कर्ष असा आला की, कॉर्व्हेर तत्कालीन तुल्य गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती. म्हणजे कंपनीची बाजू तांत्रिक दृष्ट्या काही अंशी तरी मांडता येण्याजोगी होती. तिने गमावले ते गाडीमुळे नव्हे, तर ऐकून न घेण्याच्या वृत्तीमुळे.

५

ह्या कंपनीचा मुंबईशी आलेला संबंध थोडक्यात नमूद करणे आवश्यक आहे. १९२८ साली तिने शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढला. परदेशातून सुटे भाग आणावयाचे व येथे गाडी उभी करावयाची, असे त्याचे स्वरूप होते. ‘एस. टी.’च्या आरंभीच्या ताफ्यात शेवरोले व बेडफर्ड बनावटीच्या गाड्या होत्या, आणि त्या दोन्ही ह्याच कंपनीच्या छत्राखालील. स्वातंत्र्यानंतर प्रशुल्क आयोगाने १९५३ मध्ये असा दंडक सुचविला की, क्रमाक्रमाने सुटे भागही येथेच बनविण्याची ज्यांची योजना नाही त्यांस जोडणीची मुभा राहू नये. कंपनीने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. पुढे ती परत आली. २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगाव येथे तिचा कारखाना सुरू झाला. परंतु २०१७ च्या अखेरीस तिने भारतातील विक्री थांबविली व डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही बंद केले. ज्या कंपनीने अमेरिकन गिऱ्हाइकाची प्रत्येक पायरी मोजली होती तिला भारतीय गिऱ्हाइकाची पायरी सापडली नाही, असेच म्हणावे लागते.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९८४ साली जनरल मोटर्स व टोयोटा यांनी कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे संयुक्त कारखाना सुरू केला. तेथील जुना कारखाना जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केला होता. बेशिस्त व गैरहजेरी यांबद्दल त्याची दुष्कीर्ती होती. नव्या कारखान्यात कामगार बहुतांशी तेच घेतले, पद्धती मात्र टोयोटाची. दोष दिसताच कोणाही कामगाराने दोरी ओढून काम थांबवावे, ही तिच्यातील एक मुख्य गोष्ट. थोड्याच काळात त्याच माणसांच्या हातून उत्तम गाड्या निघू लागल्या. दोरी वरवर क्षुल्लक दिसते. परंतु सर्वांत खालच्या माणसाने पाहिलेले सत्य तत्क्षणी मान्य करावयाचे, हा तिचा अर्थ होय. हा धडा कंपनीच्या इतर कारखान्यांत फार सावकाश पोहोचला.

तो पूर्णपणे पोहोचला नव्हता ह्याचा दुःखद पुरावा २०१४ साली मिळाला. शेवरोले कोबाल्ट व इतर काही छोट्या गाड्यांतील इग्निशन स्विच सैल होता. किल्लीला धक्का लागला किंवा तिला अडकविलेल्या जुडग्याचा भार पडला तरी तो धावत्या गाडीत फिरे. इंजिन बंद पडे आणि अपघात झाल्यास एअरबॅग उघडत नसे. हा दोष अभियंत्यांस अनेक वर्षे ठाऊक होता. परंतु गाडी मध्येच बंद पडणे ही गोष्ट कचेरीतील वर्गवारीत ‘गिऱ्हाइकाची सोय’ ह्या सदरात बसविली गेली होती, ‘सुरक्षितता’ ह्या सदरात नव्हे. सदर चुकले म्हणून समिती चुकली. एका समितीकडून दुसरीकडे कागद फिरत राहिला. मध्यंतरी स्विच सुधारण्यात आला, पण सुट्या भागाचा क्रमांक बदलला नाही. त्यामुळे जुन्या गाड्यांत दोष आहे व नव्यांत नाही, ह्याचे कारण कंपनीच्याच तपासनिसांस उमगेना. अखेर ते उलगडले एका दाव्यातील वादी पक्षाच्या अभियंत्याने दोन वर्षांचे स्विच शेजारी ठेवून तपासले तेव्हा. नुकसानभरपाईच्या निधीने पुढे १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

कंपनीनेच नेमलेले वकील अँटन व्हालुकस यांच्या अहवालात बैठकींतील एका रीतीचे वर्णन आहे : सर्वांनी ठरावास मान डोलवावयाची आणि खोलीबाहेर पडल्यावर कोणीच काही करावयाचे नाही. स्लोन यांच्या समित्यांची ही विकृती होय. जबाबदारी वाटून देण्यासाठी जी यंत्रणा उभारली होती, तिच्यात जबाबदारी नाहीशी झाली.

येथे एक आक्षेप संभवतो. जपानी कंपन्याही आकडे मोजतात व समित्या भरवितात; मग दोष स्लोन यांच्या पद्धतीस का द्यावा? आक्षेप रास्त आहे. दोष मोजमापाचा नाही. जे मोजले जात नाही ते अस्तित्वातच नाही असे मानण्याचा आहे. भांडवलावरील परतावा मोजता येतो. सैल स्विचविषयी एखाद्या कनिष्ठ अभियंत्यास वाटणारी अस्वस्थता मोजता येत नाही. तिला कागदावर जागा हवी असेल तर तिच्यासाठी कोणी तरी दोरी बांधून ठेवावी लागते.

२००९ च्या संकटातून सरकारच्या सुमारे ५० अब्ज डॉलरच्या साहाय्याने कंपनी पुन्हा उभी राहिली. २०१३ मध्ये सरकारने आपले शेवटचे भाग विकले, तेव्हा १० अब्ज डॉलरहून अधिक रकमेवर त्यास पाणी सोडावे लागले होते. तिची पुढील वाटचाल कशी होईल हा वेगळा विषय आहे. परंतु उद्योगसंस्थांच्या अभ्यासकाने तिच्याकडून एक गोष्ट अवश्य घ्यावी. संघटनेचा आराखडा तपासताना अधिकार वरून खाली कसे वाहतात हे आपण नेहमी पाहतो. वाईट बातमी खालून वर किती दिवसांत पोहोचते, आणि पोहोचविणाऱ्याचे काय होते, हेही पाहावयास हवे. १९२४ साली स्लोन यांस ती बातमी मिळाली, कारण ते स्वतः आवारात गेले होते.