पिल्लू नंतर, आधी आई दाखवा!

आमच्या घरात इंग्लिश मीडियमला शिकलेला मी एकटाच. त्यामुळे बँकेचं पत्र असो, टीव्हीची गॅरंटी असो की औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं असोत, इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडेच येतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत असाच एक कागद माझ्या हातात आला आणि मी तो वाचून नापास झालो.

तर झालं असं. आमचं गाव नायगाव. शेतातल्या आखाड्यावर रानडुकरांचा त्रास वाढला होता, म्हणून पप्पांना एक चांगलं कुत्रं पाहिजे होतं. नांदेड-देगलूर रस्त्याच्या कडेला एक माणूस व्हॅन लावून उभा होता. मागच्या सीटवर खोक्यात चार-पाच पिल्लं. "ओरिजिनल जर्मन आहे साहेब, बापाला बक्षीस आहे," असं म्हणत त्याने बारा हजार सांगितले आणि साडेसात हजाराला दिलं. सोबत लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट आणि लसीचं पिवळं कार्ड. पप्पा म्हणाले, "बघ रे, तुला इंग्लिश येतंय. खरं आहे का?"

मी वरपासून खालपर्यंत वाचलं. स्पेलिंगची एकही चूक नव्हती! मी म्हणालो, "ओरिजिनल आहे पप्पा." कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं फी भरली ती याच दिवसासाठी, असं बहुधा त्यांना वाटलं असेल.

रॉकी घरी आला. तिसऱ्या दिवशी खेळता खेळता त्याचा दात माझ्या धाकट्या बहिणीच्या बोटात रुतला. थोडं रक्त आलं. आम्ही धुतलं, हळद लावली आणि कार्ड बघितलं. त्यावर 'रेबीज' समोर टिकमार्क होता. म्हटलं, चला, काळजी नाही. पाचव्या दिवशी रॉकीने खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताची हगवण. जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. कार्ड मात्र त्यांनी एकदाच बघितलं आणि विचारलं, "हे पिल्लू किती दिवसांचं आहे म्हणून सांगितलं?" "पंचेचाळीस." त्यांनी रॉकीचं तोंड उघडलं. "महिन्याच्या वर फारसं नाही. आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. मग ही कोणी दिली?"

सातव्या दिवशी रॉकी गेला. बहिणीला त्याच्या आदल्या दिवशीच सरकारी दवाखान्यात नेलं होतं. चावलेलं जनावर दहा दिवसांच्या आत मेलं तर इंजेक्शनचा पूर्ण कोर्स घ्यावाच लागतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस वाचत नाही, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. ज्या टिकमार्कवर विसंबून आम्ही तीन दिवस स्वस्थ बसलो, तो व्हॅनमध्ये बसून बॉलपेनने केलेला होता. साडेसात हजारांचं दुःख पप्पा केव्हाच विसरले. ते तीन दिवस मी अजून विसरलेलो नाही.

नंतर मी ते सर्टिफिकेट पुन्हा काढून वाचलं, या वेळी स्पेलिंग सोडून. जन्मतारीख चार वर्षांपूर्वीची होती! म्हणजे तो कुठल्या तरी दुसऱ्याच मोठ्या कुत्र्याच्या सर्टिफिकेटचा कलर झेरॉक्स. तो कुत्रा रॉकीचा बाप असेलही, नसेलही. केनेल क्लब ऑफ इंडिया ही चेन्नईची संस्था आहे. तिच्याकडे नोंद झालेल्या पिल्लाचं सर्टिफिकेट त्या पिल्लाच्या स्वतःच्या नावाने असतं, त्यावर त्याची जन्मतारीख आणि मायक्रोचिपचा नंबर असतो. 'आईबापाचे कागद आहेत' म्हणजे पिल्लाचे कागद आहेत असं होत नाही. आणि 'कागदाशिवाय आठ, कागदासकट पंधरा' असं कोणी म्हणालं तर तो कुत्रा विकत नाही, कागद विकतोय.

चिपबद्दल ईअँडटीसीवाल्यांसाठी थोडं. ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तिला बॅटरी नसते. रीडर १३४.२ किलोहर्ट्‌झचं क्षेत्र तयार करतो, चिपमधल्या कॉइलला त्यातूनच ऊर्जा मिळते आणि ती १५ आकडी नंबर परत पाठवते. बस्स, एवढंच. ती जीपीएस नाही, कुत्रा हरवला तर सापडवून देत नाही. विकणारा म्हणाला "चिप बसवली आहे", तर तो नंबर कागदावर मागायचा आणि रीडर असलेल्या डॉक्टरांकडून जुळवून घ्यायचा.

लसीच्या कार्डाचंही तसंच. खरी लस दिली असेल तर बाटलीवरचं छोटं लेबल सोलून कार्डावर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. बाजूला डॉक्टरची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. नुसता टिकमार्क म्हणजे काहीच नाही. शिवाय पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि पुढे दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत चालते. कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती आधी लसीलाच हाणून पाडते. म्हणजे दीड महिन्याच्या पिल्लाचं 'फुल व्हॅक्सिनेशन' झालेलं असूच शकत नाही. विकणारा जितकं जास्त झालं म्हणून सांगेल, तितकं खोटं!

रॉकीला झालेला रोग पार्व्हो. त्या व्हॅनवाल्याने जाताना मोठ्या मनाने 'तीन दिवसांची गॅरंटी' दिली होती. तेव्हा मला ती सोय वाटली. आता कळतं, तीनच का. पार्व्होचा विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे खोक्यातून उचललेलं पिल्लू त्या दिवशी उड्या मारतं, डोळे चमकतात आणि गॅरंटी संपली की आडवं होतं. चार ठिकाणची पिल्लं एका खोक्यात कोंबली की एकाचं सगळ्यांना लागतं. त्यामुळे 'तब्येत बघून घेतलं' या वाक्याला फारसा अर्थ नाही. पंधरा दिवसांनी काकांनी बहिणीचं रडणं बघवेना म्हणून गावातलंच एक गावठी पिल्लू आणलं आणि त्याच कोपऱ्यात, त्याच पोत्यावर ठेवलं. तेही गेलं. हा विषाणू मातीत, फटीत, पोत्यात कित्येक महिने टिकतो. फिनाईलचा भरवसा नाही, ब्लीच लागतं. हे आम्हाला दुसरं पिल्लू गेल्यावर कळलं. ज्याच्या घरी असं झालं असेल त्याने निदान हे एक वाक्य लक्षात ठेवावं.

आमचे आजोबा या सगळ्यात गप्प होते. एक दिवस म्हणाले, "हाळीच्या बाजारात बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो. आदत, दुसा, चौसा, जुळला. चालवून बघतो. कुठल्या गावचा, कोणाच्या दावणीचा, ते विचारतो. दलाल रुमालाखाली बोटं धरत असला तरी मालक समोर लागतो. कुत्र्याला गाव का नाही विचारलं रे?"

खरंच का नाही विचारलं? मला वाटतं, पिल्लू बघितलं की माणसाची अक्कल विरघळते. उदगीरकडच्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात ज्यांना कोणी फसवू शकत नाही, ते पप्पा व्हॅनच्या मागे दहा मिनिटांत फसले.

दातांचं गणित कुत्र्यालाही लागू आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात फुटायला लागतात, आठव्या आठवड्यापर्यंत सगळे २८ येतात. चौथ्या महिन्याच्या आसपास पुढचे पडून पक्के येऊ लागतात, ते शेवटी ४२ होतात. 'दोन महिन्यांचं' म्हणून दिलेल्या पिल्लाचे दात अर्धेमुर्धे असतील, चालताना मागचे पाय लटपटत असतील, तर ते आईपासून लवकर तोडलेलं आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाच मनाई आहे आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. फुगलेलं पोट बघून 'कसं गुटगुटीत आहे' म्हणू नका. फासळ्या हाताला लागत असतील आणि पोट ढोलासारखं असेल तर बहुतेक वेळा ते जंत असतात.

जातीवरून फसवणं त्याहून सोपं. महिन्याभराच्या पिल्लात जात ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. जर्मन शेफर्डचे कान काही महिने खालीच असतात, म्हणून 'नंतर उभे राहतील' हे वाक्य खरंही असतं आणि सोयीचंही. फॅशन आली की हे जास्त होतं. २००३ च्या सुमारास हचच्या जाहिरातीतला पग आठवतो का? (मला कसा आठवणार, पण सरांना विचारा.) त्यानंतर जिकडेतिकडे पग झाले. चपट्या नाकाचा तो बिचारा, आपल्याकडच्या मे महिन्यात त्याला नीट श्वासही घेता येत नाही. आपल्या मुधोळ जातीचंही तेच. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही जात. २००५ साली तिच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं, २०१६ मध्ये सैन्याने तिला प्रशिक्षणासाठी घेतलं, ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तिचं नाव घेतलं. लगेच सगळ्यांना मुधोळ पाहिजे. मग काय, जे गावठी पिल्लू सडपातळ ते मुधोळ!

असं का होतं, याचं उत्तर मला अर्थशास्त्रात मिळालं. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन प्राध्यापकाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. (बॅकलॉगवाल्यांनी धीर सोडू नये.) त्याचं म्हणणं थोडक्यात असं. मालात काय खोट आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्यालाच मधला भाव देतो. त्या भावात चांगला माल परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि उरतो तो खराब. पिल्लांना लावून बघा. जो माणूस आईला नीट खाऊ घालतो, लसी देतो, आठ आठवडे पिल्लं सांभाळतो, त्याचा खर्च व्हॅनवाल्याच्या कितीतरी पट. पण महिन्याच्या पिल्लाकडे बघून हा फरक दिसतो कुठे? तो दिसतो फक्त आईकडे बघून. आई कुठे बांधली आहे, तिची कातडी कशी आहे, ती त्या माणसाला बघून शेपूट हलवते की अंग चोरते, पिल्लं तिला प्यायला झटतात की नाही. हे झेरॉक्स करता येत नाही. खाण तशी माती, पण खाण बघितल्याशिवाय कसं कळणार? 'आई गावाकडे आहे', 'आई आजारी आहे', 'तुम्ही कशाला येता, आम्हीच आणून देतो' यातलं काहीही ऐकलं की गाडी स्टार्ट करायची. एक सावधगिरी मात्र हवी, दाखवलेली कुत्री खरंच त्यांची आई आहे का ते बघा. व्यालेल्या कुत्रीचे सड ओघळलेले असतात.

ऑनलाइनमध्ये तर आईही नाही आणि पिल्लूही नाही. माझ्या रूममेटने मागच्या वर्षी हस्कीसाठी साडेतीन हजार ॲडव्हान्स पाठवला. (नांदेडच्या ४२ डिग्रीत हस्की! पण ते जाऊ द्या.) समोरचा 'फौजी' होता, बदली झाल्यामुळे कुत्रा देणार होता. मग वाहतुकीचे पैसे, मग 'परत मिळणारा' विमा. तिसऱ्या मागणीला आम्ही त्या पिल्लाचा फोटो इंटरनेटवर शोधला, तर तेच पिल्लू आणखी तीन शहरांत विकायला होतं. ही जगभरची पद्धत आहे. एप्रिल २०२२ मध्ये गूगलने कॅमेरून देशातल्या एका माणसावर अमेरिकेच्या कोर्टात दावा लावला, तो नसलेली बॅसेट हाउंड पिल्लं विकत होता म्हणून. अशा वेळी व्हिडिओ कॉल करून पिल्लाशेजारी आजचा पेपर धरायला सांगा. खोटा माणूस तिथेच नेटवर्कची तक्रार सुरू करतो. आणि यूपीआयमध्ये पैसे मिळवायला पिन लागत नाही, पिन टाकली म्हणजे पैसे गेले. गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

आम्ही पुढच्या वर्षी कुत्रं घेतलं ते लातूर जिल्ह्यातल्या जानवळचं. चाकूर तालुक्यातलं हे गाव कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. कारवानी म्हणजे आखूड केसांचं, पश्मीच्या कानाशेपटीला रेशमासारखे लांब केस. पश्म म्हणजे फारसीत लोकर. अंगणात आई पिल्लांना पाजत होती. मी डायरी काढून प्रश्न विचारायला सुरुवात केली, पण मालकानेच आमची तोंडी परीक्षा घेतली. शेत किती, रात्रंदिवस बांधून ठेवणार का, याआधीचं कुत्रं कशाने गेलं, ती जागा ब्लीचने धुतली का. मग म्हणाले, "ह्याची शेपूट जरा मुरगळलेली आहे. माळेगावच्या यात्रेत प्रदर्शनाला उभं करायचं असेल तर हे नेऊ नका. आखाड्यावर ठेवायचं असेल तर दोन हजार कमी द्या." पप्पांनी लगेच पैसे काढले. त्यांनी घेतले नाहीत. पिल्लं पाच आठवड्यांची होती. "तीन आठवड्यांनी या."

तीन आठवड्यांनी गेलो. आजोबांनी आधी तोंड उघडून दात मोजले, मग पप्पांना पैसे देऊ दिले.

जाता जाता हॉस्टेलवाल्यांसाठी एक. मेसच्या मागच्या शेडमध्ये कुत्री व्यायली आहे, चार पिल्लं आहेत. आई रोज दिसते, जन्मतारीख वॉचमनकाकांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहे. सेमिस्टर संपेपर्यंत आठ आठवडे पूर्ण होतील. घरी कोणाला पाहिजे असेल तर आधी घरच्यांना विचारा आणि मग काकांना भेटा. ते प्रश्न विचारतील, उत्तरं तयार ठेवा.