सुरू होऊन बंद पडणारी गाडी

माझ्या पुतण्याचा धान्याचा घाऊक व्यापार आहे. मालपोचीसाठी त्याच्याकडे डिझेलवर चालणारी एक जुनी पिकअप आहे. गेल्या पावसाळ्यात तिला विचित्र खोड जडली. सकाळी किल्ली फिरवताच ती सुरू होई, मिनिटभर नीट चाले आणि आचके देत बंद पडे. एका गॅरेजने डिझेल पंप उतरवून दुरुस्त करण्याचा सल्ला दिला. खर्चाचा अंदाज पाच आकडी होता. त्याहून वाईट म्हणजे, चालक डिझेल काढून भेसळ करीत असावा, अशी कुजबुज दुकानात सुरू झाली. अकरा वर्षे पेढीवर राबलेल्या माणसाविषयी असे बोलले जावे, याने मी अस्वस्थ झालो.

बँकेत दिवसअखेर ताळा जुळला नाही, तर आम्ही प्रथम नोंदी तपासत असू. माणसाकडे बोट नंतर. त्याच सवयीने मी पुतण्याला एक वही घालायला सांगितली. गाडी केव्हा बंद पडली, त्याआधी किती वेळ उभी होती, टाकीत डिझेल किती होते आणि ती कोठे उभी होती, एवढेच त्यात लिहायचे. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झाले. गाडी केवळ रात्रभर उभी राहिल्यावरच बंद पडत होती. त्यातही गोदामासमोरच्या चढावर, तोंड वर करून उभी असेल तेव्हा हमखास. दिवसा कितीही वेळा सुरू केली तरी तक्रार नव्हती. दोष भेसळीचा असता, तर तो दुपारीही दिसायला हवा होता.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. त्याला हवे असते स्वच्छ डिझेल, ज्यात हवेचा बुडबुडा नाही. जुन्या गाडीत टाकीतील डिझेल पाइपातून ओढून फिल्टरमार्गे मुख्य पंपाकडे नेले जाते. या पाइपाला बारीक चीर असेल किंवा क्लॅम्प सैल असेल, तर रात्रीत डिझेल टाकीकडे उतरते आणि त्याची जागा हवा घेते. पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन सुरू होते. ते संपून हवा पोहोचली की बंद पडते. मिस्त्री यालाच 'गाडीने एअर घेतली' म्हणतात. ओढणाऱ्या बाजूची चीर डिझेल बाहेर सांडण्याऐवजी हवा आत घेते, म्हणून जमिनीवर डाग दिसेलच असे नाही.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे जावी. प्रथम टाकीत डिझेल खरोखर आहे का आणि झाकणाचे हवेचे छिद्र बुजले नाही ना, ते पाहावे. नंतर फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी असल्यास ते तळाशी बसते. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात अशी ओल धरते. मग रबरी नळ्या, क्लॅम्प आणि इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची तार तपासावी. पंपाची पाळी सर्वांत शेवटी.

आमच्या मिस्त्रीने टाकीची नळी सोडवून स्वच्छ डिझेलचा कॅन थेट फिल्टरला जोडला. इंजिन अखंड चालू राहिले! म्हणजे पंप निर्दोष होता. दोष टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये होता. टाकीजवळच्या रबरी नळीला वाकणाच्या जागी चीर सापडली. नळी व दोन क्लॅम्प बदलले, हातपंपाने हवा काढली. काही शे रुपयांत काम झाले.

एक इशारा मात्र द्यायला हवा. नव्या कॉमन रेल गाड्यांत इंधनाचा दाब इतका प्रचंड असतो, की त्याची धार त्वचा भेदून आत शिरते. तेथील पाइप घरच्या पान्याने कधीही सैल करू नयेत.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने चालकाला गादीवर बोलावून, सर्व नोकरांसमोर ती चिरलेली नळी दाखवली आणि माफी मागितली. नळी अजून गल्ल्याशेजारच्या खिळ्याला टांगलेली आहे.