राखेची निवळी

कापसाची शेवटची वेचणी उरकली की खामगावच्या शिवारात पऱ्हाट्या उपटायला सुरुवात होते. पूर्वी त्या वर्षभराचं सरपण म्हणून अंगणात रचत. आता घरोघरी सिलिंडर आला, त्यात गुलाबी बोंडअळीची धास्ती, म्हणून कित्येक पऱ्हाट्या धुऱ्यावरच पेटतात. उडून जाणारी ती राख गेल्या फाल्गुनात मला बघवेना. मणभर पऱ्हाट्या आणि बोंडांची वाळकी टरफलं परसात जाळली. हाती आली जेमतेम दोन किलो राख.

मला एकाच झाडाचा साबण करायचा होता. खार पऱ्हाटीचा, तेल सरकीचं. ज्या गावच्या कापसासाठी 1870 साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला, तिथे हे करून बघायलाच हवं, असं वाटत होतं.

जुन्या माठाच्या बुडाला भोक पाडलं, तळाशी कडब्याचे तुकडे घातले, त्यावर सुती फडकं आणि फडक्यावर चाळलेली राख. पाणी पन्हाळीखाली धरून ठेवलेलं, पावसाचं. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यात साबण नुसता फाटतो. कढत पाणी थोडं थोडं ओतत गेले. बराच वेळ काहीच येईना. मग चहाच्या रंगाचा एक थेंब पडला, आणि धार लागायला दुपार झाली. सासूबाई जवळ येऊन बसल्या. "आमच्या लहानपनी लुगडे अशाच पान्यात भिजू घालत," त्या म्हणाल्या.

ते पाणी बोटांना बुळबुळीत लागतं, कारण ते कातडीवरच्या तेलाचाच साबण करू लागतं. मी लगेच हात धुतले आणि हातमोजे चढवले. पाणी आटवत गेले. आधी तळाशी बसलेलं अंडं हळूहळू वर आलं आणि रुपयाएवढा भाग बाहेर काढून तरंगू लागलं, तेव्हा खार पुरेसा झाला असं धरलं.

पहिला घाणा तरी फसलाच. दोन तास शिजवलं, दुधासारखं पांढरं झालं, आणि गार होताच तेल वर, पाणी खाली. राखेच्या पाण्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते सरकीच्या तेलाला फोडायला कमी पडतं. त्याचा दाहक पोटॅश व्हायला चुना लागतो. म्हणून उरलेल्या पाण्यात वाटीभर विझवलेला कळीचा चुना घालून मंद आचेवर ढवळलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी तळाशी खडूसारखा पांढरा थर होता आणि वर नितळ निवळी. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत सुंदर वाटली ती ही निवळी. तिच्याइतकं धोक्याचंही दुसरं काही नव्हतं. ॲल्युमिनियमचं पातेलं ती खाते, म्हणून स्टीलचं घेतलं आणि डोळ्यांना चष्मा लावला.

अर्धा किलो तेलात निवळी घालत लाकडी उलथन्यानं ढवळत राहिले. आधी ताकासारखं, मग पिठल्यासारखं. बुडबुड्यांचा आवाज बदलतो, फसफस थांबून फदफद सुरू होते. कच्च्या तेलाचा वास जाऊन ओल्या भिंतीसारखा वास येतो. मग मूठभर मीठ. मिठानं साबण पाण्यापासून फुटून दह्यासारखा वर आला, तो फडक्यात बांधून टांगला.

वडी मऊच राहिली, बोट दाबलं तर खळी पडते. पोटॅशचा साबण मऊ होतो आणि सोड्याचा घट्ट, मिठानं त्यात थोडाच फरक पडला. आपल्याच जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराचा खार सोड्याचा. काच आणि साबण यांना लागणारं सगळं तिथे मिळतं, अशी नोंद 'ऐन-ए-अकबरी'त आहे. सरोवर आता अभयारण्य आहे, तिथला खार तिथेच राहायला हवा. आणि खामगावातच हिंदुस्तान युनिलिव्हरचा साबणाचा मोठा कारखाना आहे. तिथून निघणाऱ्या वड्यांमागे तेल आणि खार यांची हीच गाठ असते, हे मला पातेल्याशी बसून पहिल्यांदा नीट कळलं.

महिनाभर वड्या सावलीत वाळवल्या. पहिली वडी घेतली ती राख गाळलेलं फडकं धुवायला. बोअरच्या पाण्यात फेस आलाच नाही, पांढरट साका तेवढा जमला. उरलेलं पावसाचं पाणी आणलं. फेस थोडाच आला, पण फडक्यावरचा काळा डाग दुसऱ्या चोळणीला सुटला. सासूबाईंनी ते पिळून दोरीवर टाकलं.