बीममध्ये दोन सळया जास्त टाकल्या तर काय बिघडतं?

मी कोड लिहितो, घरं बांधत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात गावी आमच्या घराचं काम निघालं आणि मी रजा टाकून साइटवर जाऊन बसलो. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी बाबा मिस्त्रींना म्हणाले, “हॉलच्या बीमला खालून दोन सळया वाढवा. पैसे मी देतो, घर मजबूत झालं पाहिजे.” मिस्त्रींनी वाढवल्या. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सर्व्हरला रॅम जास्त झाली म्हणून कोण रडतं?

संध्याकाळी स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडम तपासायला आल्या. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “या दोन काढा.” बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आता गंमत ऐका. बीमवर वजन आलं की तो वाकतो. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. काँक्रीटला दाब झेपतो, ताण झेपत नाही, म्हणून खाली सळया. सळया फारच कमी असतील तर काँक्रीटला तडा गेला की त्या एकदम तुटू शकतात. म्हणून ‘आयएस ४५६’ किमान प्रमाण सांगतो: ५०० ग्रेडच्या सळयांना ०.१७ टक्के.

मग जास्तीचं काय? त्यात कमाल ४ टक्के लिहिलंय. आमचा बीम २३० बाय ४५० मिलिमीटर. १६ एमएमच्या तीन सळयांच्या पाच झाल्या, तरी जेमतेम १ टक्का! मी हुशारी करत मॅडमना हे दाखवलं. त्या हसल्या.

खरी मर्यादा दुसरीच आहे. सळया बेतात असतील तर जास्त भार आल्यावर आधी लोखंड ताणलं जातं. बीम खाली झुकतो, तडे दिसतात, माणसं बाहेर पळू शकतात. सळया जास्त असतील तर लोखंड ताणलं जायच्या आधीच वरचं काँक्रीट चिरडतं, तेही अचानक. एम२० काँक्रीट आणि ५०० ग्रेडची सळई असेल, तर ही सीमा साधारण ०.७६ टक्क्यांवर येते. आमच्या बीमला म्हणजे सुमारे ७१५ चौरस मिलिमीटर. तीन सळया ६०३, पाच सळया १००५. वरच्या सळयांची मदत धरली तर सीमा थोडी सरकते, पण तो हिशोब डिझाइन करणाऱ्यानं करायचा, बाबांनी नाही!

दुसरी भानगड जागेची. २३० मिलिमीटर रुंदीतून दोन्ही बाजूंचं २५-२५ कव्हर आणि ८ एमएमची रिंग वजा करा. पाच सळयांमध्ये फट उरते २१ मिलिमीटर. खडी २० एमएमची असेल तर फट किमान २५ हवी. नाहीतर खडी वरच अडकते, खाली पोकळ्या राहतात, पुढे तिथेच गंज धरतो.

कॉलमचं गणित वेगळं: ०.८ ते ६ टक्के. पण जोडावर सळया दुप्पट होतात, म्हणून प्रत्यक्षात ४ च्या वर सहसा जात नाहीत.

शेवटी बाबांनी विचारलं, “मग मजबुतीसाठी मी करू तरी काय?” मॅडम म्हणाल्या, “काका, कव्हर ब्लॉक हलू देऊ नका आणि दहा दिवस पाणी मारा.” बाबांनी चौदा दिवस मारलं. त्या दोन सळया अजून गोठ्यात पडून आहेत.