पेपर हरवला, चित्रं उरली: बिअट्रिक्स पॉटरच्या अळंब्या

'पीटर रॅबिट' या सशाच्या गोष्टी लिहिणारी बिअट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) तुम्हाला माहीत असेल. पण ती गोष्टींची पुस्तकं येण्याआधी, १८९० च्या दशकात, ती अळंब्यांचा अभ्यास करत होती. रिसर्चला सुरुवात करण्यापूर्वी तिचं हे काम जरूर समजून घ्या.

आधी एक प्रश्न: अळंबीचं चित्र कशाला काढायचं? कारण तोडलेली अळंबी फार टिकत नाही. वाळवली तर रंग आणि आकार दोन्ही बदलतात. फोटो तेव्हा कृष्णधवल असायचे. त्यामुळे ताज्या अळंबीचा रंग नोंदवायचा तर जलरंग हाच भरवशाचा मार्ग होता. व्हिक्टोरियन काळात सुखवस्तू घरातल्या मुलींना चित्रकला शिकवायचे. विज्ञानसंस्थांची दारं मात्र त्यांना बहुतेक बंदच होती.

पॉटरला मार्गदर्शन मिळालं ते स्कॉटलंडमधल्या चार्ल्स मॅकिंटॉश यांचं. हे टपाल वाटता वाटता निसर्गाचा अभ्यास केलेले गृहस्थ. ते तिला लंडनला टपालाने नमुने पाठवायचे. नुसतं देखणं चित्र पुरेसं नाही, अळंबीचा उभा छेद आणि छत्रीखालच्या गिल्सही दाखव, असा त्यांचा सल्ला होता. म्हणजे बघा, ओळख पटवायला जे लागतं ते चित्रात हवंच!

पुढे तिने बीजाणू रुजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यावर पेपर लिहिला. १ एप्रिल १८९७ ला तो लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला, पण तिच्याशिवाय. स्त्रियांना सभेला बसता येत नसे, म्हणून क्यू गार्डन्सच्या जॉर्ज मॅसी यांनी तो मांडला. नंतर तो मागे घेतला गेला, छापला गेलाच नाही. आज त्याचं हस्तलिखितही उपलब्ध नाही.

इथे आपण सावध राहायला हवं. 'लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी, हे पॉटरनेच शोधलं' असं तुम्ही कुठेतरी वाचाल. ही कल्पना सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकातच मांडली होती. तिच्यावर अन्याय झाला हे खरं, पण म्हणून न वाचलेल्या पेपरचं श्रेय आपण वाटू शकत नाही.

चित्रांचं काय झालं? १९६७ मध्ये डब्ल्यू. पी. के. फिंडले यांनी बुरशींवरच्या आपल्या पुस्तकात तिची ५९ चित्रं वापरली. तिच्या मृत्यूनंतर २४ वर्षांनी! तिचा निष्कर्ष हरवला, तरी निरीक्षण दुसऱ्याच्या कामी आलं.

माझ्या पीएचडीच्या पहिल्या वर्षातल्या कितीतरी नोंदी आज मलाच लागत नाहीत. 'नमुना तपकिरी' एवढंच लिहिलंय. कुठला, कधीचा, ताजा की वाळलेला, काही नाही. तुम्ही ही चूक करू नका. आज तुमच्या वहीतली एक नोंद मित्राला वाचायला द्या. त्याने प्रश्न विचारले, तर ती नोंद अजून अपुरी आहे.